गावाची असुरक्षितता कशी मोजावी: दुष्काळ, पूर, दरड आणि उष्णतेसाठी वस्तीनिहाय पद्धत

एप्रिल २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने राज्यांच्या हवामान-असुरक्षिततेचा अहवाल प्रसिद्ध केला. झारखंड, मिझोराम, ओडिशा, छत्तीसगड, आसाम, बिहार, अरुणाचल प्रदेश आणि पश्चिम बंगाल ही आठ राज्यं त्यात सर्वाधिक असुरक्षित ठरली. महाराष्ट्र यादीच्या दुसऱ्या टोकाला, कमी असुरक्षित राज्यांत होता. त्याच वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यात तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि अख्खी वाडी गेली. तेवढ्यावरून अहवाल चुकीचा ठरत नाही. राज्यांमध्ये निधीची प्राथमिकता ठरवायला तो योग्यच होता. पण राज्याच्या सरासरीत वाडी दिसत नाही, जिल्ह्याच्या सरासरीतही दिसत नाही आणि बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या सरासरीतही नाही. म्हणून हा लेख वस्ती हे एकक धरून लिहिला आहे. ग्रामपंचायत, पाणलोट संस्था, महाविद्यालयाचा राष्ट्रीय सेवा योजनेचा गट किंवा गावातली जाणती मंडळी, कोणालाही तीन-चारशे घरांच्या गावात महिना-दीड महिन्यात हे काम करता येतं.

आधी चार गोष्टी वेगळ्या करा

धोका म्हणजे बाहेरून येणारी घटना: पावसाचा खंड, नदीचा फुगवटा, सुटलेली दरड, ४५ अंशांचा दिवस. त्या घटनेच्या वाटेत जे येतं, म्हणजे घरं, माणसं, गोठे, विहिरी, रस्ता, ती दुसरी गोष्ट. तीच घटना एका घराला जास्त का लागते आणि दुसऱ्याला कमी का, त्या कारणांना असुरक्षितता म्हणायचं. या तिन्हींतून जे तयार होतं ती जोखीम.

ही मांडणी हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०१४च्या पाचव्या अहवालातली आहे. २००७च्या चौथ्या अहवालात धोक्याची तीव्रतासुद्धा असुरक्षिततेतच धरली जायची. जुन्या पद्धतीचे तक्ते अजून फिरत असतात आणि त्यांच्यामुळे गोंधळ होतो. पाऊस, उतार, तापमान हे आकडे असुरक्षिततेच्या निर्देशांकात मिसळले की भरपूर पाऊस पडणारी प्रत्येक वाडी ‘अतिअसुरक्षित’ ठरते, आणि करायचं काय, याचं उत्तर मिळत नाही, कारण पाऊस कोणी कमी करू शकत नाही. असुरक्षिततेत फक्त दोन प्रकारची कारणं ठेवावीत. एक, झटका सहज बसावा अशी नाजूक बाजू (कुडाच्या भिंती, निव्वळ जिरायत, एकाच पिकावरचा भर). दोन, सावरायची ताकद (बचत, दुसरं उत्पन्न, बारमाही रस्ता, कागदपत्रं, नातीगोती).

दुसरं बंधन: एका वेळी एकच धोका. दुष्काळात सुरक्षित असलेला नदीकाठचा बागायतदार पुरात पहिला बुडतो. ‘सर्व आपत्तींसाठी एकच गुण’ हा आकडा सादरीकरणात छान दिसतो, कामाला येत नाही. गावाला लागू असलेले दोन किंवा तीन धोके निवडा आणि प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र ठेवा.

एकक, माणसं आणि वेळ

तलाठ्याकडच्या यादीत महसुली गाव असतं. वाड्या, पाडे, तांडे, मळे, गायरानावरची घरं, वीटभट्टीवरच्या झोपड्या त्यात वेगळ्या नसतात. जुलै २०२३ मध्ये ज्या इर्शाळवाडीवर दरड आली ती दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. म्हणून पहिलं काम वस्त्यांची स्वतःची यादी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही), अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर आणि आशाताईंची कुटुंबयादी शेजारी-शेजारी ठेवून ती बनवावी. तिन्ही याद्यांतल्या घरांची संख्या जुळत नाही तिथे नेमकी नोंद नसलेली, म्हणजे बहुधा सर्वात अडचणीतली घरं सापडतात.

गटात पाच-सहा जण पुरेत; निम्म्या स्त्रिया हव्यात. आशाताई किंवा अंगणवाडीताईंपैकी एक, पोलीस पाटील, विहिरी-शेतांची माहिती असलेला एक शेतकरी, एक गवंडी (घरांची पारख त्यालाच असते) आणि गणकतक्ता चालवू शकणारी एखादी व्यक्ती. सुरुवातीला ग्रामसभेचा ठराव करून घ्या. त्याशिवाय तलाठी, कृषी सहायक आणि आरोग्य उपकेंद्राकडून आकडे मिळायला वेळ जातो आणि शेवटी निष्कर्षांना धनी राहत नाही.

वेळेचं भान फार महत्त्वाचं. बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यात ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. डिसेंबरात घरोघर फिरलात तर नेमकी तीच घरं कुलूपबंद सापडतात, ‘प्रतिसाद नाही’ म्हणून वगळली जातात आणि गाव कागदावर सुखी होतं. घरसर्वेक्षण मे महिन्यात ठेवावं: पाणी तळाला असतं, लोक परतलेले असतात, पेरणी सुरू झालेली नसते. दरड आणि पुरासाठी एक फेरी मात्र जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात हवी. कोरड्या डोंगरावर झरे दिसत नाहीत.

कागदावरची माहिती: काय घ्यायचं, कुठे फसायचं नाही

पावसासाठी भारतीय हवामान विभागाची दैनंदिन चौकटवार माहिती १९०१ पासून उपलब्ध आहे. तिची एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण २५ ते २८ किलोमीटर बाजूची. एवढ्या चौकटीत घाटमाथा आणि पर्जन्यछायेचं गाव दोन्ही बसतात, त्यामुळे ही माहिती प्रवृत्ती पाहायला वापरा, गावाचा पाऊस म्हणून नको. गावाच्या जवळ जाणारा आकडा महसूल मंडळातल्या महावेध स्वयंचलित केंद्राचा. तो तुलनेने अलीकडचा आहे, म्हणून दोन्ही लागतात.

वार्षिक एकूण पाऊस हा सर्वात फसवा आकडा. सरासरीएवढा पाऊस तीन रात्रीत पडून सोयाबीन करपलेली वर्षं मराठवाड्याला नवी नाहीत. त्याऐवजी तीन गोष्टी काढा. पहिली, जून ते सप्टेंबरमधले खंड: हवामान विभागाच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. लागोपाठ १० आणि २१ दिवसांपेक्षा लांब कोरडे काळ दर वर्षी किती, ते मोजा. दुसरी, २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पावसाचे दिवस. मंडळात अतिवृष्टी धरायचा उंबरठा तोच आहे. २०४.५ मिलिमीटर आणि त्यावरचे दिवस वेगळे लिहा. तिसरी, पेरणीयोग्य पावसाची तारीख. प्रमाणित पर्जन्य निर्देशांक (नेहमीच्या पावसाच्या तुलनेत यंदाचा किती कमी-जास्त, ते सांगणारा आकडा) काढायचा असेल तर किमान ३० वर्षांची मालिका हवी. दहा वर्षांवर काढलेला निर्देशांक काहीही सांगू शकतो. उणे १ ते उणे १.४९ मध्यम, उणे १.५ ते उणे १.९९ तीव्र आणि उणे २ किंवा त्याखाली अतितीव्र दुष्काळ.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेते. गावात निरीक्षण विहीर नसेल तर त्याच पाणलोटातली घ्या. शेजारचं गाव दुसऱ्या पाणलोटात असू शकतं. दरडीसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे आहेत, पण ते १:५०,००० प्रमाणावर. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. वाडी लाल पट्ट्यात आहे का, हे तो नकाशा सांगेल. कोणतं घर, हे नाही. नदीकाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहाव्यात: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. बांधकामाच्या प्रकारानुसार नुकसानीचा अंदाज हवा असेल तर बांधकाम साहित्य आणि तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेचा असुरक्षितता अ‍ॅटलास (तिसरी आवृत्ती २०१९) जिल्ह्यानिहाय भिंती-छपरांचे प्रकार देतो, पण त्याचा आधार २०११ची जनगणना आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घरकुलांमुळे गावं बरीच बदलली, तेव्हा घरांचे आकडे स्वतःच मोजलेले बरे.

शिवारफेरी आणि बैठका

बैठकीची सुरुवात काळरेषेने करा. ‘गेल्या पन्नास वर्षांत काय झालं’ असं विचारलं तर सगळं धूसर येतं. आठवणीला खुंट्या द्याव्या लागतात: १९७२चा दुष्काळ, मराठवाड्यात १९९३चा भूकंप, कृष्णाकाठी २००५, २०१९ आणि २०२१चे पूर. त्यांच्या मागेपुढे गावाच्या घटना लावत जा. प्रत्येक घटनेला चारच प्रश्न: पाणी किंवा माती कुठवर आली, कोणाचं काय गेलं, सावरायला किती महिने लागले, त्यानंतर काय बदललं. तिसऱ्या उत्तरात असुरक्षितता उघडी पडते. एकच पूर, एकच गल्ली. एका घराने दिवाळीपर्यंत भिंत उभी केली, दुसरं तीन वर्षं ताडपत्रीखाली राहिलं. का, ते विचारत राहा.

स्त्रियांची बैठक वेगळी आणि दुपारच्या मोकळ्या वेळेत घ्या. पाण्याला किती फेऱ्या, दागिने कधी मोडले, कोणाच्या घरात दमेकरी म्हातारं माणूस आहे, पोरीची शाळा कोणत्या वर्षी सुटली, ही माहिती पारावरच्या बैठकीत येत नाही. वस्तीच्या बैठका वस्तीतच घ्याव्यात. तांड्यावरच्या माणसाला गावठाणात बोलावलं की तो मागे बसतो.

ऋतुमानाची दिनदर्शिका जमिनीवरच आखा: बारा महिन्यांचे बारा रकाने, त्यांत काम, उसनवारी, आजारपण, चाऱ्याची टंचाई, पाण्याचे हाल खड्यांनी दाखवायचे. ज्या महिन्यात तीन-चार ताण एकत्र येतात तो गावाचा दुबळा महिना. तो बहुधा जून-जुलै निघतो: बियाण्याला पैसा गेलेला, मजुरी थांबलेली, शाळेचा खर्च डोक्यावर आणि दरड-पुराचा हंगाम सुरू.

पुराच्या खुणा मोजण्याचा स्वस्त मार्ग गवंड्याकडे असतो: पाणी भरलेली पारदर्शक नळी. देवळाच्या पायरीसारखी न हलणारी एक जागा शून्य धरा आणि दर घराच्या जोत्याची उंची तिच्यापासून सेंटिमीटरमध्ये नोंदवा. मग २०१९च्या खुणेशी ताडा. मोबाइलवर दिसणाऱ्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर यासाठी अवलंबून राहू नका. ती अनेक मीटरने चुकते आणि इथे अर्ध्या मीटरवर निकाल असतो.

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांनी याला आणखी एक जोड द्यावी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० आणि ४५. बातम्यांत आकडा येतो तो त्या जागेचा. तुमच्या गावात त्या आकड्याला काय होतं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून तक्ता करा: बंधाऱ्यावर अमुक फूट असताना रस्त्यावरचा ओढा बंद, अमुक फुटांना स्मशानाकडची घरं, अमुक फुटांना शाळा, आणि ते पाणी यायला किती तास लागले. रस्ता बहुतेक ठिकाणी घरांच्या आधी बुडतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, ती याच टप्प्यावर: घराबाहेर पडायची वेळ रस्त्याच्या पाण्याने ठरते, उंबऱ्याच्या पाण्याने नाही.

दरडीच्या फेरीत उतार मोबाइलच्या कोनमापकाने मोजा. सरळ काठीवर मोबाइल ठेवून उताराच्या दिशेने तीन-चार ठिकाणी. साधारण २५ अंशांपुढचा, मातीचा जाड थर असलेला उतार आणि त्याखाली घरं असतील तर खालच्या खुणा बारकाईने शोधा: उताराला आडव्या जाणाऱ्या भेगा, वाकलेले खांब आणि झाडांचे बुंधे, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, नवीन जागी फुटलेलं पाणी, अडकू लागलेली दारं, वर नव्याने झालेलं सपाटीकरण, रस्त्यासाठी तोडलेला पायथा, तुंबलेला चर. भेग दिसली की दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकून त्यांतलं अंतर टेपने मोजा, तारीख घाला आणि पावसात रोज मोजा. अंतर वाढत असेल तर मूल्यांकन थांबवून तहसीलदारांना त्याच दिवशी कळवायचं. माळीणला (३० जुलै २०१४) दरड सकाळी आली, इर्शाळवाडीला रात्री, माणसं घरात असताना. म्हणून पायथ्याच्या घरांत रात्री झोपणाऱ्यांची संख्या वेगळी नोंदवा. दिवसाच्या गणतीत ती माणसं शेतावर असतात.

उष्णतेचं मोजमाप सर्वात सोपं आणि सर्वात दुर्लक्षित. मैदानी भागात तापमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त असलं की हवामान विभाग उष्णतेची लाट म्हणतो. ४५ अंश गाठले की सरासरी पाहायची गरज नाही. कोकण किनाऱ्यावर हा उंबरठा ३७ अंशांचा. पण हे सावलीतलं, मोकळ्या जागेतलं तापमान. पत्र्याच्या घरात माणसं त्याहून वेगळ्या हवेत राहतात. पत्रा, स्लॅब आणि माळवद अशी तीन-तीन घरं निवडून एप्रिल-मेमध्ये आठवडाभर दुपारी २ आणि रात्री १० वाजता खोलीतलं तापमान घ्या. रात्रीचा आकडा जास्त बोलका असतो, कारण शरीराला सावरायला मिळणारा वेळ तोच.

पाण्याचा ताळेबंद

दुष्काळाच्या मूल्यांकनात हा टप्पा टाळता येत नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, १०,००० लिटर. हजार हेक्टरच्या शिवारात ६०० मिलिमीटर पडला तर ६० लाख घनमीटर पाणी आलं. त्यातलं बरंचसं बाष्प होऊन किंवा वाहून जातं. अडलेलं आणि मुरलेलं किती, ते तलाव-बंधाऱ्यांची क्षमता आणि ऑक्टोबरच्या विहीर-पातळीवरून अंदाजावं. आता मागणी. दरडोई रोज ५५ लिटर धरलं तर २,००० लोकांच्या गावाला वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर पुरतात. एक हेक्टर उसाला १५ ते २५ हजार घनमीटर लागतात. म्हणजे दोन-अडीच हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं घरगुती पाणी एकाच तोलाचं. हा हिशेब फळ्यावर मांडला की टँकर कशामुळे येतो, यावरची चर्चा वेगळ्या वळणाने जाते. हिवरे बाजारमध्ये दर वर्षी ग्रामसभेपुढे हाच ताळेबंद ठेवून पिकं ठरवली जातात.

घरसर्वेक्षण

सगळी घरं करता आली तर उत्तम. नाहीतर किती घरं निवडायची यासाठी यामाने यांचं सूत्र वापरा: एकूण घरं भागिले (१ अधिक घरं गुणिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग). ४०० घरं आणि १० टक्के (म्हणजे ०.१) मर्यादा धरली तर ४०० भागिले ५, म्हणजे ८० घरं. पण ही ८० पूर्ण गावातून चिठ्ठ्या टाकून काढली तर १८ घरांच्या वाडीतून तीन-चारच येतील आणि त्यांवरून वाडीबद्दल काहीच म्हणता येणार नाही. म्हणून ३० पेक्षा कमी घरांची वस्ती पूर्ण घ्या. मोठ्या वस्तीतून किमान ३०.

उत्पन्न विचारू नका. खोटं सांगितलं जातं किंवा खरंच माहीत नसतं. त्याऐवजी: गेल्या १२ महिन्यांत किती महिने किराणा उधारीवर होता? जनावर, दागिना किंवा जमीन विकली-गहाण टाकली का, कशासाठी? अचानक १०,००० रुपये लागले तर कुठून आणाल: बँक, बचत गट, नातेवाईक, सावकार, मुकादमाची उचल? शेवटच्या दोन उत्तरांचं प्रमाण हा फार चांगला निर्देशक आहे. शिवाय भिंत आणि छपराचा प्रकार (पाहून लिहायचा, विचारून नाही), घर किंवा जमीन कोणाच्या नावावर, शेवटचं नुकसान झालं तेव्हा पंचनाम्यात नाव होतं का, मदत हातात पडली का, आधाराशिवाय चालू न शकणारी माणसं किती. सातबारा नावावर नसलेला वाटेकरी पंचनाम्यात सापडत नाही. पीक त्याचं जातं, मदत मालकाच्या खात्यात जाते. हा प्रश्न वगळला तर वाटेकरी ‘शेतकरी’ म्हणून सुरक्षित रकान्यात बसतो.

प्रश्नावली ४० मिनिटांपलीकडे नेऊ नका. दुसऱ्या वस्तीत पाच घरांवर आधी चाचणी घ्या. ज्या प्रश्नाला पाचही घरांनी एकच उत्तर दिलं तो काढून टाका.

निर्देशक आणि हिशेब

एका धोक्यासाठी ८ ते १२ निर्देशक पुष्कळ झाले. प्रत्येकाला विचारा: हा वाढला तर असुरक्षितता नक्की वाढते की कमी होते? उत्तर ठाम नसेल तर तो बाद. बोअरवेलची संख्या घ्या. ती जास्त म्हणजे सिंचन जास्त, की पाणी खोल गेल्याचं लक्षण? त्यापेक्षा ‘मे महिन्यात पाणी असलेल्या विहिरींचं प्रमाण’ घ्या. पीकविमा काढलेल्यांचं प्रमाणही असंच. २०२३च्या खरिपापासून दोन वर्षं विमा एका रुपयात मिळत होता. त्या काळातली नोंदणी काहीच सांगत नाही. भरपाई मिळालेल्यांचं प्रमाण सांगतं. दोन निर्देशक एकच गोष्ट बोलत असतील (भूमिहीन घरं आणि निव्वळ मजुरीवरची घरं), त्यांचा सहसंबंध (दोन आकडे किती बरोबरीने बदलतात याचं माप, १ म्हणजे पूर्ण) ०.८ च्या वर असेल, तर एकच ठेवा.

वेगवेगळ्या मापांचे आकडे ० ते १ मध्ये आणायचे असतात. नेहमीचं सूत्र: (आकडा वजा किमान) भागिले (कमाल वजा किमान). निर्देशक असुरक्षितता कमी करणारा असेल तर अंशात (कमाल वजा आकडा). सगळी हस्तपुस्तकं हे सूत्र देतात, पण त्यातला खड्डा क्वचितच दाखवतात. उदाहरणासाठी तीन वस्त्यांचे काल्पनिक आकडे घेऊ, धोका दुष्काळ.

जिरायत क्षेत्र: गावठाण ६० टक्के, मळा २०, तांडा ९५.
मे महिन्यात पाण्याच्या एका फेरीला लागणारी मिनिटं: ३०, १०, ९०.
बचत गटात असलेली घरं: ७० टक्के, ४०, ५०.

सूत्र लावल्यावर जिरायतीचे गुण ०.५३, ०, १, पाण्याचे ०.२५, ०, १. बचत गटाचे (उलटे) ०, १, ०.६७. सरासरी: गावठाण ०.२६, मळा ०.३३, तांडा ०.८९. तांडा सर्वात वर, ते ठीक. पण ८० टक्के बागायत आणि दारात विहीर असलेला मळा गावठाणापेक्षा असुरक्षित? झालं असं, की वस्त्या तीनच, त्यामुळे बचत गटाचा ४० ते ७० एवढा अरुंद पट्टा ताणून ० ते १ झाला आणि त्याने बाकी दोघांना हरवलं.

उपाय: किमान-कमाल गोळा केलेल्या आकड्यांतून न घेता बाहेरून ठरवा. टक्क्यांसाठी ० ते १००, पाण्याच्या फेरीसाठी ० ते १२० मिनिटं. आता जिरायत ०.६०, ०.२०, ०.९५, पाणी ०.२५, ०.०८, ०.७५, बचत गट ०.३०, ०.६०, ०.५०. सरासरी गावठाण ०.३८, मळा ०.२९, तांडा ०.७३. क्रम सुधारला. आणखी एक फायदा: खुंटे, म्हणजे किमान-कमाल, ठरलेले असल्यामुळे पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तर तुलना होते. पहिल्या पद्धतीत सगळं गाव सुधारलं तरी कोणीतरी नेहमी १ वर राहणारच. तिसाहून कमी वस्त्यांसाठी नेहमी ठरलेले खुंटेच वापरा. रिकाम्या जागी शून्य भरू नका, ‘माहिती नाही’ लिहा. गणकतक्ता शून्याला खरा आकडा समजतो.

भारांकन, म्हणजे कोणत्या निर्देशकाला किती वजन द्यायचं, हा दुसरा वादाचा विषय. विद्यापीठीय कामात निर्देशकांच्या जोड्यांची तुलना करून भार काढतात आणि सुसंगतीचं गुणोत्तर (तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत याचं माप) ०.१० च्या आत आहे का पाहतात. गावात २० चिंचोके पुरतात: प्रत्येक गटाने निर्देशकांच्या चित्रांवर वाटायचे. स्त्रिया, भूमिहीन आणि बागायतदार यांचे चिंचोके वेगळे मोजा. एकत्र सरासरी नंतर. मग कसोटी: समान भार, स्त्रियांचे भार, बागायतदारांचे भार असे तीन निकाल काढा. तिन्हींत वर राहणारी वस्ती निश्चित. भार बदलला की जागा बदलणाऱ्या वस्त्यांबद्दल ‘मध्यम’ एवढंच म्हणा. दुसऱ्या दशांशावर भांडण्यात अर्थ नाही.

जोखीम काढताना

दुष्काळ आणि उष्णतेसाठी धोका, वाटेतली माणसं-शेतं आणि असुरक्षितता यांचे ० ते १ गुण गुणून किंवा त्या गुणाकाराचं घनमूळ घेऊन वस्त्यांचा क्रम लावता येतो. पुरासाठी जोत्यांची उंची हाताशी असल्याने घरनिहाय यादीच जास्त उपयोगी. दरडीला मात्र सरासरी लावू नये. पायथ्याला भेगा पडलेल्या उताराखाली पक्कं घर, नोकरी, बँकेत ठेवी, सगळं असलं तरी कोसळणारी माती ते बघत नाही. तिथे निकष हो-नाहीचा: उतार, खुणा आणि खाली घर, तिन्ही असतील तर ती वाडी थेट पहिल्या यादीत. असुरक्षिततेचे आकडे पुढच्या प्रश्नाला वापरा, की यातलं कोण स्वतःहून हलू शकेल आणि कोणाला न्यावं लागेल.

नकाशा रंगवताना पाच रंगांचा मोह टाळा, तीन पुरे. आणि प्रत्येक वस्तीच्या गुणाशेजारी त्याला वर नेणारे पहिले दोन निर्देशक शब्दांत लिहा. ‘तांडा ०.७३’ यावर कोणी काही करू शकत नाही. ‘तांडा: मे महिन्यात पाण्याला दीड तास, ९५ टक्के जिरायत’ यावर नळयोजनेची वाढ आणि शेततळी, दोन्ही प्रस्ताव लिहिता येतात.

निकाल ग्रामसभेत मांडण्याआधी प्रत्येक वस्तीत वाचून दाखवा. लोक म्हणाले ‘हे आमचं नाही’, तर आधी आकडे तपासा, मग भार, मग लोकांचा हेतू, या क्रमाने. टंचाईची कामं मिळतील म्हणून आकडे फुगवले जातात, तसेच लाजेने दाबलेही जातात. भिंतीवर लावायच्या तक्त्यात वस्तीची नावं असावीत, कुटुंबांची नकोत. कोणाच्या घरात एकटी म्हातारी बाई आहे किंवा कोण सावकाराकडे अडकलं आहे ही यादी पोलीस पाटील आणि आशाताईंच्या बंद वहीत ठेवा. तिचा उपयोग इशारा आल्यावर दार वाजवण्यासाठी आहे.

त्यानंतर ग्रामपंचायत विकास आराखड्यात कामं घालायची ती ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ग्रामसभांमध्ये, कारण पुढच्या वर्षाचा आराखडा तेव्हाच बांधला जातो; मे महिन्यात केलेलं सर्वेक्षण सप्टेंबरपर्यंत पक्कं करायचं ते यासाठी. घरसर्वेक्षण दर तीन ते पाच वर्षांनी पुन्हा घ्या. भेगांच्या खुंट्या, पूर-तक्ता आणि चालता न येणाऱ्यांची यादी मात्र दर वर्षी मेअखेर, मृगाच्या आधी नव्याने तपासा. मधल्या काळात डोंगरात नवा रस्ता कापला गेला, नदीत भराव पडला किंवा वस्तीजवळ खाण सुरू झाली, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका. त्या वस्तीचं पान लगेच पुन्हा लिहा.